चूल, गॅस की इंडक्शन? भाच्याने आजीची बाजू घेतली आणि माझी भाकरी गेली

माणदेशी_खिल्लार
मंडळी, सुट्टीत गावी जाऊन आलो. दहिवडीच्या पलीकडं, जिथं पाऊससुद्धा विचारून येतो. घरात २०१७ पासून गॅस आहे, आईच्या नावावर, उज्ज्वलातला. त्यावर चहा होतो, पाहुणे आले की पोहे होतात आणि उरलेला दिवस शेगडीवर क्रोशाचा रुमाल अंथरलेला असतो. भाकरी-कालवण चुलीवर. आई अडुसष्ट वर्षांची, पहाटे पाचला फुंकणी घेऊन बसते आणि सातपर्यंत खोकते.

या वेळी मी जरा आवाज चढवला. म्हटलं, बास आता, चूल बंद. तर माझा भाचा (इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष, पर्यावरणाचा पेपर नुकताच सुटलेला) मध्येच म्हणाला, "मामा, आजीचंच बरोबर आहे. झाडानं हवेतनं घेतलेला कार्बन चुलीतनं हवेत जातो, नवं झाड तो परत घेतं. बेरीज शून्य. तुमचा गॅस जमिनीखालनं काढलेला. पृथ्वी तापवताय तुम्ही." आईला त्यातलं 'आजीचंच बरोबर' एवढं कळलं आणि मला तिसरी भाकरी मिळाली नाही.

जाणकारांनी सांगा, पोरगं खरं बोलतंय का? चुलीचा धूर हरितगृह वायूंत धरतात की नाही? आणि गॅस नको, चूल नको, तर इंडक्शन घेऊन देऊ का?

उगाच_एक
चुलीवरचं मटण मिळणाऱ्या सगळ्या धाब्यांच्या वतीने भाच्याला पाठिंबा.

कोकमसार
घरोघरी मातीच्या चुली, पण भांडण मात्र प्रत्येक घरात वेगळं :) धागा छान. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे (गॅसवर केलेले).

आकडेमोड्या
भाचा अर्धा बरोबर आहे. चुलीतलं सगळं लाकूड पूर्ण जळून नुसता कार्बन डायऑक्साइड झाला असता, तर त्याची बेरीज शून्य आली असती. पण पूर्ण जळत असतं तर धूरच दिसला नसता. धूर म्हणजे न जळलेलं, अर्धवट जळलेलं इंधन. त्यात मिथेन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, काजळी असते. झाडानं आत घेताना कार्बन डायऑक्साइड घेतला, परत देताना त्यातला थोडा मिथेन करून दिला. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन सुमारे अठ्ठावीस किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. म्हणजे उसनी वाटीभर साखर घेतली आणि परत करताना वाटीभर मिरची पूड दिली, असा तो प्रकार आहे.

आता ढोबळ आकडे. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस. ती जळून साधारण ४२-४३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. गॅसची साठएक टक्के उष्णता पातेल्यात जाते, साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीची दहा ते पंधरा टक्के. बाकीची स्वयंपाकघर तापवते. त्यामुळे एका टाकीचं काम करायला सुमारे दोनशे किलो लाकूड लागतं. त्यातून सव्वातीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आणि किलोभर मिथेन.

१. लाकूड सगळं पुन्हा उगवणारं असेल तर ते सव्वातीनशे सोडून द्या. उरतो किलोभर मिथेन, म्हणजे अठ्ठावीस किलो. त्यात मोनॉक्साइड आणि काजळी मिळवली की गॅसच्या बेचाळीसशी जवळपास बरोबरी.
२. लाकूड जंगल तोडून आणलेलं असेल आणि तिथं परत काही उगवणार नसेल, तर चूल गॅसच्या आठपट.

तेव्हा आधी सांगा, तुमच्याकडे जाळता काय?

माणदेशी_खिल्लार
बांधावरची बाभूळ, वेडी बाभूळ (ती तोडाल तेवढी जोमानं येते, मेली तर आम्ही पेढे वाटू), तुराट्या, मक्याची दाणे काढलेली कणसं. विकत काहीच नाही.

आकडेमोड्या
मग तुमचं घर पहिल्या प्रकारात. भाच्याला अर्धी भाकरी द्या.

सातपुड्याची_वाट
वरच्या हिशोबात एक गोष्ट सुटली. मी धडगाव भागात बारा वर्षं शिक्षक होतो. तिथल्या बायकांना 'पुन्हा उगवणारं' आणि 'न उगवणारं' लाकूड हे डोक्यावरच्या मोळीवरून कळतं. आधी गावाजवळ मिळायचं, मग टेकडीच्या पलीकडं. मोळी तेवढीच, वाट दुप्पट. गॅसचं म्हणाल तर जोडणी झाली होती पुष्कळांची. पण टाकी रस्त्यापर्यंतच यायची, पुढं पाड्यावर खांद्यावर न्यायची. आता तीनशे रुपये अनुदान मिळतं, पण ते नंतर खात्यात. आधी पूर्ण रक्कम हातात लागते. मजुरीवर जगणाऱ्या घरात एकरकमी आठ-नऊशे रुपये कुठून येणार? लाकडाला पैसे लागत नाहीत, फक्त बाई लागते.

डॉ_गवतीचहा
हा धागा तापमानवाढीकडे गेलाय, मी जरा छातीकडे वळवते. माझ्या ओपीडीत साठीपुढच्या बायका येतात. आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो आणि फुप्फुसं चाळीस वर्षं विड्या ओढणाऱ्यासारखी. विचारलं की ठरलेलं उत्तर, "चुलीपुढं बसते म्हणून थोडा दमा आहे." थोडा नसतो, बरेचदा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार) असतो. मोतीबिंदूही लवकर. घरातल्या धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

खिल्लार, तुमची आई सकाळी दोन तास खोकते हे तुम्ही ओघात लिहून गेलात. पृथ्वीचं नंतर बघू, आधी त्यांची स्पायरोमेट्री करून घ्या. फुंकर मारायची तपासणी आहे, दुखत नाही.

कोकमसार
डॉक्टरताईंना +१०००. माझी आजी राजापूरकडची. पावसाळ्यात ओलं सरपण चुलीवरच्या माचावर वाळत घातलेलं, खाली चूल, आणि धुरातून फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा. आम्ही मुलं 'आजी कुठे आहे?' ओरडायचो. गंमत वाटायची तेव्हा.

विदर्भातला_पोळा
पण धुराचे फायदे पण आहेत ना बाप्पा. छताच्या लाकडाला कीड नाही लागत, डास पळतात, बियाण्याचे कणसं चुलीवर टांगले का भुंगा नाही येत. आमच्याकडे पऱ्हाट्या जाळतात. नाही जाळल्या तर शेतात पेटवून देतात, मग तो धूर कोणाच्या नावावर टाकायचा?

आकडेमोड्या
@पोळा, मुद्दा रास्त आहे. शेतात नाहीतरी पेटणार असेल तर चुलीत पेटलेली परवडली, भाकरी तरी होते.

नैरोबीकर
इकडचं सांगतो, म्हणजे 'लाकूड पुन्हा उगवतं' ही गोष्ट प्रत्येक ठिकाणी चालत नाही हे कळेल. केनियात शहरातल्या गरीब वस्त्यांत लाकूड नाही, कोळसा जळतो. मकाआ म्हणतात. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या डब्याने मोजून विकतात, आपल्याकडे पूर्वी पायलीने धान्य मोजत तसा. शेगडीला जिको म्हणतात, स्वयंपाकघरालाही जिकोच. १९८० च्या दशकात इथं मातीचं अस्तर घातलेली, कंबर बारीक असलेली डमरूसारखी जिको आली. कल्पना थायलंडच्या बादलीशेगडीवरून घेतलेली. नुसत्या पत्र्याच्या शेगडीपेक्षा कोळसा बराच कमी लागतो आणि स्थानिक कुंभार-लोहारच बनवत असल्यामुळे ती खरंच घराघरात पोचली.

कोळशाला धूर जवळजवळ नाही, म्हणून लोकांना तो 'स्वच्छ' वाटतो. पण कोळसा होतो कसा? रानात खड्डा, त्यात लाकूड रचायचं, वर माती लोटायची आणि आठवडाभर धुमसत ठेवायचं. सहा-सात किलो लाकडाचा एक किलो कोळसा. उरलेलं वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि त्यांच्यासोबत बराच मिथेन, मोनॉक्साइड होऊन मातीच्या भेगांतून वर जातं. शहरातल्या बाईच्या डोळ्यातला धूर गावाकडच्या माणसाच्या डोळ्यात ढकलला, एवढंच. २०१८ मध्ये सरकारी जंगलातल्या तोडीवर बंदी आली, तर कोळशाचे भाव चढले.

बाय द वे, माझी बायको जिकोवर वांगं भाजते. धुराचं काहीही म्हणा, गॅसवरच्या भरताला ती चव नाही.

उगाच_एक
धागा अखेर भरतावर आला. मी वाटच बघत होतो.

निर्धूर_चूल_निवृत्त
मंडळी, माझ्या सदस्यनावावरून ओळखलं असेल. १९८३ च्या डिसेंबरात केंद्राचा सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, २००२ मध्ये गुंडाळला. देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली कागदावर आहेत. मी त्यातल्या काहींवर सही करणारा माणूस. (कोणत्या खात्यातला ते विचारू नका.)

चूल चांगली होती हो. आत बोगदा, मागे दुसरं भांडं ठेवायला वैल, त्यामागून धुराडं कौलातून वर. पण पहिल्या पावसात धुराड्याच्या कडेनं पाणी गळायचं, बाई धुराडं काढून भोकात चिंधी कोंबायची. काही ठिकाणी काजळी खरवडून काढायची असते हे कोणी सांगितलंच नाही, सहा महिन्यांत पाइप तुंबला. एका गावात धुराड्याचे सिमेंटचे पाइप परसात कोंबड्यांना दाणापाणी द्यायला उभे कापून ठेवलेले मी पाहिले. आणि चुलीचं तोंड आमच्या साच्याच्या मापाचं, बाईचं सरपण तिच्या कोयत्याच्या मापाचं. ती लाकूड फोडणार की चुलीचं तोंड? तिने तोंडच फोडलं. ज्या गावात चूल घालणारी बाई गावातलीच होती, तिथे मात्र चुली टिकल्या. बिघडली की शेजारून येऊन लिंपून द्यायची.

पाचटवाला
काकांनी जुन्या आठवणी काढल्या. पुण्याच्या 'आरती' संस्थेचं काम कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डॉ. आनंद कर्वे यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करायची भट्टी लावली, २००२ मध्ये त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा सराई कुकर आमच्या घरी होता. शंभरेक ग्रॅम कांडीकोळशावर डाळ, भात, भाजी एका डब्यात शिजायची आणि कोणी बसून राहावं लागत नसे. मात्र भाकरी होत नाही त्यावर. आमच्या भागात भाकरी होत नाही म्हणजे विषय संपला.

सातपुड्याची_वाट
निवृत्त काका, तुमच्या वेळी निदान अनुदान होतं. अलीकडचा प्रकार ऐका. आमच्या भागात एक कंपनी आली (नाव नको). लोखंडी, छान दिसणारी चूल, पंचवीस रुपयांत की फुकट. अट एकच: चुलीशेजारी उभं राहून फोटो, आणि मोबाईलमध्ये अंगठा. बायकांना वाटलं निवडणूक आली. नंतर कळलं की 'या बाईने अमुक टन धूर वाचवला' अशी पावती करून ती परदेशात विकतात, तिकडचा कारखाना ती घेऊन आपल्या धुराची भरपाई केली म्हणतो. त्या चुलीत बारीक काटक्याच जायच्या, मोठं भांडं डगमगायचं. वर्षाने गेलो तर तिच्यावर तुळस लावलेली. पावती मात्र चालूच असणार.

आकडेमोड्या
याच्यावर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. चुलींच्या कार्बन पावत्यांचा नमुना तपासला, तर प्रत्यक्ष बचतीच्या सरासरी नऊपट पावत्या फाडलेल्या निघाल्या. कारणं इथं लिहिली तीच: नवी चूल किती वापरतात ते फुगवलं, जुनी चूल शेजारी चालूच असते ते धरलं नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लाकूड 'परत न उगवणारं' किती, तो आकडा वाट्टेल तसा वाढवला. खरं तर २०१५ चा एक जगभराचा अभ्यास म्हणतो की जळणासाठी तोडलेल्या लाकडापैकी २७ ते ३४ टक्केच परत न भरून येणारं आहे, आणि लाकूड-कोळशाच्या जळणाचा वाटा जगाच्या हरितगृह वायूंत दोन टक्क्यांच्या आसपास. शून्य नाही, पण 'गरीब बाई जंगल खाते' असंही नाही.

तडका
दोन टक्के? मग एवढा गहजब कशाला? विमानं उडवणाऱ्यांना विचारा आधी. माणदेशातल्या म्हातारीच्या चुलीवर कसला हिशोब लावता? ज्यांच्या घरी दोन एसी आहेत त्यांनी चुलीवर बोलूच नये, हे माझं स्पष्ट मत.

कोकमसार
तडका साहेब, घरी एक एसी असेल तर अर्धं बोललं तर चालेल का? हलके घ्या.

डॉ_गवतीचहा
तडका यांच्याशी मी सहमत आहे, पण उलट्या कारणाने. कर्क स्मिथ नावाचे संशोधक (पुढे बर्कलीत प्राध्यापक झाले) १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत आले, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्यांच्या श्वासात जाणारा धूर मोजला. तोपर्यंत सगळे लाकूडतोड मोजत होते, बाई कोणी मोजली नव्हती. स्वयंपाकघरात चूल म्हणजे तासाला चारशे सिगारेटी जळल्यासारखं, असं ते सांगत. चुलीच्या मिथेनचा हिशोबही पुढे त्यांनीच मांडला. पण दोन टक्क्यांसाठी त्या बाईला गॅस द्यावा असं नाही, तिच्यासाठी द्यावा.

इंडक्शन_ताई
मूळ प्रश्नात इंडक्शन होतं, ते सगळे विसरले. आम्ही पिंपरीत दोन वर्षं वापरतोय. भात, वरण, दूध, चहा उत्तम. भाकरीला पापुद्रा येतो, पण फुगवायला शेवटी ज्वाळ हवीच, त्यासाठी शेजारणीकडे जाते. खिल्लार, गावाकडे वीज किती तास असते?

माणदेशी_खिल्लार
असते, पण ज्या वेळी भाकरी करायची त्या वेळी नाही.

आकडेमोड्या
इंडक्शनचं गणित लोकांना आवडत नाही, तरी मांडतो. एका टाकीचं काम करायला इंडक्शनला अंदाजे १२० युनिट लागतील. आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः दगडी कोळशाची, युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ८४ किलो, गॅसच्या दुप्पट! छतावर सोलर असेल तर गोष्ट वेगळी. नेपाळसारखी जवळपास सगळी पाण्याची वीज असेल तर इंडक्शनच घ्या, डोळे झाकून.

इंडक्शन_ताई
तुम्ही गॅसचा निम्माच हिशोब केलात. अर्ध्याहून जास्त गॅस जहाजातून परदेशातून येतो. विहिरीपासून टाकीपर्यंतचं धरा की. शिवाय वीज वर्षागणिक स्वच्छ होत जाणार, गॅस तोच राहणार.

आकडेमोड्या
मान्य. फरक थोडा कमी होईल, आज उलटणार नाही. दहा वर्षांनी मी माझीच पोस्ट खोडून काढेन.

करवीरची_म्हैस
गोबरगॅस कोणीच नाही? आमच्या वडिलांनी १९८६ ला बांधला, अजून चालू आहे. आईने चाळीस वर्षं धूर बघितला नाही. दोन म्हशींचं शेण, पाच माणसांचा स्वयंपाक, वर शेतात स्लरी. थंडीत गॅस कमी पडतो तेव्हा कोमट पाण्यात शेण कालवायचं.

अवांतर: मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस केला होता म्हणतात. आणि आपण अजून 'नवं तंत्रज्ञान' म्हणतो.

एक मात्र आहे. घुमट तडकला किंवा गॅस वापरला नाही तर तो मिथेनच हवेत जातो. गावात बंद पडलेल्या टाक्या बघितल्या की जीव हळहळतो.

माणदेशी_खिल्लार
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. आईची तपासणी झाली. डॉक्टरताई, तुमचा अंदाज खरा निघाला. फवारा चालू केलाय. पण धाग्यावर आलो ते दुसऱ्याच कारणाने.

भाचा ईर्ष्येला पेटला होता. म्हटला, नुसती तोंडाची वाफ नको, मोजूया. घरात कापूस तोलायचा जुना ताणकाटा होता. आठवडाभर रोज सकाळी जळणाच्या मोळ्या बांधून तोलल्या: एक चुलीची, एक आंबोणाची (म्हशीचं शिजवलेलं खाद्य), एक बंबाची. भाकरी-कालवणाला दिवसाला सव्वाचार किलो. म्हशीच्या आंबोणाला तीन. आणि सहा माणसांच्या अंघोळीच्या बंबाला पाच! म्हणजे मी ज्या चुलीवर डोकं आपटत होतो, तिच्यात घरातलं तिसरा हिस्सा जळणच जात होतं. आई बंबापुढंही बसते, तो न्हाणीत दाराआड असतो म्हणून माझ्या ध्यानातच आला नाही. उलट 'गरम पाणी काढ' म्हणून मीच तिला आवाज देत होतो.

कोकमसार
अगं बाई. आमच्याकडची पाणचूल! खरंच कोणी मोजतच नाही ती.

निर्धूर_चूल_निवृत्त
एकोणीस वर्षांच्या कार्यक्रमात मी ताणकाटा घेऊन कोणाच्या न्हाणीत गेलो नाही. भाच्याला माझ्याकडून पूर्ण भाकरी.

माणदेशी_खिल्लार
तर ठरलं असं. माणदेशात उन्हाला तोटा नाही, न्हाणीवर सोलर बंब बसवतोय. आंबोण शिजवण्याऐवजी रात्री भिजत घालून बघणार, म्हशीला विचारून. वरण-भात-भाजी गॅसवर. भाकरी चुलीवरच राहील, त्यावर आईशी बोलणी फिसकटली, पण चूल आता परसात, पत्र्याच्या छपराखाली, दोन बाजू उघड्या. क्रोशाचा रुमाल शेगडीवरून उचलून टीव्हीवर गेलाय.

सोलर बंब शंभर लिटरचा घ्यावा की दीडशेचा? क्षारांचं पाणी आहे, बोअरचं. नळ्या तुंबतात का? अनुभव असेल त्यांनी सांगा.

पाचटवाला
दीडशे. आणि काचेच्या नळ्यांचाच बघा, तांब्याच्या पत्र्याच्या बंबातल्या बारीक नळ्या क्षारांनी लवकर तुंबतात. तोही वर्षातून एकदा धुऊन घ्या. आमचा नळ्यांचा दोन वर्षांत पांढरा पडला.

उगाच_एक
भरताचं वांगं आता कशावर भाजायचं, ते राहिलंच.